सीटची उंची बदलताना: मागच्या सस्पेन्शनचं काम, मोजमापापासून शेवटच्या बोल्टपर्यंत

मोटरसायकलची सीट उंच वाटते, पाय नीट टेकत नाहीत, म्हणून मागची लिंक, म्हणजे मागच्या शॉकअपच्या जोडणीतली छोटी पट्टी, बदलून टाकली, असं सर्रास होतं. पाय टेकतात आणि काम झालं असं वाटतं. पण मागची बाजू २५-३० मिमी खाली आली की त्याबरोबर हँडलचा स्वभाव, वळणात मिळणारी जागा, चेनचा ढिलेपणा, स्टँडवर उभ्या गाडीचा कल आणि हेडलाईटचा झोतही बदलतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चाकाला वर-खाली व्हायला जी जागा आहे, म्हणजे ट्रॅव्हल, ती एकतर कमी होते नाहीतर सरकते. ती कुठून कमी झाली, कुठे सरकली, हे कळलं तर बाकीचं काम सरळ आहे. हे न बघता केलेल्या बदलात पहिल्याच मोठ्या खड्ड्यात टायर मडगार्डला आतून घासतो.

इथे मुख्य विचार लिंकेज असलेल्या मोनोशॉक गाडीचा केला आहे, म्हणजे मागे एकच शॉकअप आणि तो लिंकच्या जोडणीतून चाकाला जोडलेला. दोन शॉकअप असलेल्या गाड्यांचं आणि उंची वाढवण्याचं पुढे वेगळं आहे.

सस्पेन्शनला हात लावण्याआधी

रोज घालता ते बूट घालून सीटवर बसा. दोन्ही पायांचे चवडे पूर्ण टेकत असतील, तर खरं म्हणजे काही करायची गरज नाही. टाचा टेकायलाच हव्यात हा आग्रह सोडलेला बरा. फक्त १५-२० मिमी कमी पडत असतील तर आधी सीट बघा. मांड्या जिथून खाली वळतात तिथे सीट रुंद असेल, तर उंची तीच असूनही पाय लांब पडतो. पुढच्या भागात फोमच्या दोन्ही कडा तासून सीट अरुंद केली तरी बराच फरक पडतो, आणि सस्पेन्शन जसंच्या तसं राहतं. फोम वरून कापायचा असेल तर सीटच्या तळावर निदान ३० मिमी फोम शिल्लक ठेवा, नाहीतर तासाभराने तळच टोचायला लागतो.

पहिली पायरी: आत्ता गाडी कुठे उभी आहे

मागचं चाक हवेत लटकलेलं असताना अ‍ॅक्सलच्या मध्यापासून सरळ वर, मागच्या पॅनलवर मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर रेघ मारा. हे अंतर पहिलं माप. गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी, वर कोणी नाही, हे दुसरं. स्वार नेहमीच्या कपड्यांत, पाय फूटरेस्टवर, दोघांनी गाडी धरलेली, हे तिसरं. शॉकअपमधल्या घर्षणामुळे गाडी दर वेळी जरा वेगळ्या उंचीवर थांबते. म्हणून मागची बाजू दाबून हळू सोडून एकदा आणि उचलून हळू सोडून एकदा माप घ्या, आणि दोन्हींची सरासरी धरा.

पहिल्यातून दुसरं वजा केलं की रिकामा सॅग मिळतो, म्हणजे गाडी स्वतःच्याच वजनाने किती खाली बसते ते. पहिल्यातून तिसरं वजा केलं की स्वारासह सॅग. रस्त्यावरच्या गाडीला स्वारासह सॅग एकूण ट्रॅव्हलच्या साधारण ३० टक्के असावा. ट्रॅव्हल १३० मिमी असेल तर ३९ मिमीच्या आसपास. स्वारासह सॅग बरोबर आहे पण रिकामा सॅग जवळपास शून्य, असं दिसलं तर स्प्रिंग मऊ आहे आणि प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवून ती कशीबशी टिकवली आहे. अशी गाडी खाली करण्याआधी स्प्रिंगच बदलावी लागेल.

आता प्रीलोडचा हिशेब. चाकाचा ट्रॅव्हल १३० मिमी आणि शॉकअपचा स्ट्रोक, म्हणजे तो जेवढा दबू शकतो ते अंतर, ५२ मिमी असेल तर गुणोत्तर २.५ झालं. प्रीलोडची कॉलर ४ मिमी सैल केली की अ‍ॅक्सलपाशी गाडी १० मिमी खाली येते आणि सॅग ३९ वरून ४९ मिमी होतो, म्हणजे जवळजवळ ३८ टक्के. मागे माणूस बसला की उरलेली जागा लगेच संपते. प्रीलोड कमी केल्याने स्प्रिंग मऊही होत नाही, तिचा कडकपणा तोच राहतो, फक्त गाडी खाली बसते. आधीचा सॅग गरजेपेक्षा कमी असेल तेवढ्यापुरतंच प्रीलोडने खाली या, त्यापुढे नाही.

दुसरी पायरी: अ‍ॅक्सलपाशी किती, सीटपाशी किती

इथे हमखास गफलत होते. विकत मिळणाऱ्या लिंकवर ३० मिमी लिहिलेलं असतं आणि सीट तेवढी खाली येत नाही. मागची बाजू खाली आली की सगळी गाडी पुढच्या चाकाभोवती फिरते, त्यामुळे सीटच्या वाट्याला हिश्श्यानेच घट येते. दोन्ही अ‍ॅक्सलमधलं अंतर १४२० मिमी, सीटचा सगळ्यात खोल भाग पुढच्या अ‍ॅक्सलपासून आडव्या अंतरात ९०० मिमी मागे. ९०० भागिले १४२० म्हणजे ०.६३. मागे ३० मिमी घट, तर सीटवर १९ मिमी. पुढचा फोर्क क्लॅम्पमध्ये १५ मिमी वर सरकवला तर सीटला आणखी ०.३७ गुणिले १५, म्हणजे साडेपाच मिमी मिळतात. दोन्हीकडे ३०-३० केले तर सीट पूर्ण ३० मिमी खाली.

फक्त मागे ३० मिमी खाली केलं तर गाडी सुमारे १.२ अंशाने मागे कलते, आणि रेक, म्हणजे हँडल ज्या धुरीवर फिरतं तिचा मागे कल, तेवढाच वाढतो. साधारण २५ अंश रेक असलेल्या गाडीत एका अंशामागे ट्रेल, म्हणजे ती धुरी जमिनीला जिथे मिळते तिथून पुढचा टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, ६ मिमीच्या आसपास वाढतो. ऐकायला हे आकडे किरकोळ वाटतात, पण हँडल जड होतं, वळणात गाडी बाहेर ओढते आणि मागे वजन असेल तेव्हा पुढचं टोक हलकं वाटतं. म्हणून मागची घट २० मिमीच्या वर गेली की पुढच्या फोर्कचं काम ऐच्छिक राहत नाही.

तिसरी पायरी: कोणत्या मार्गाने

लांब लिंक, म्हणजे डॉगबोन, हा सगळ्यात स्वस्त आणि सहज मागे घेता येणारा उपाय. शॉकअपला हात लागत नाही, जुन्या लिंक परत लावल्या की गाडी पूर्ववत. पण शॉकअपचा स्ट्रोक तेवढाच राहतो, म्हणून चाकाचा सगळा ट्रॅव्हल जसाच्या तसा वर सरकतो. शॉकअप पूर्ण दबला की चाक आधीपेक्षा सुमारे ३० मिमी जास्त वर जातं. टायर, मडगार्ड, बॅटरीचा खण, मागची वायरिंग यांच्यामध्ये तेवढी जागा आहे का, हा लिंकचा खरा प्रश्न.

शॉकअपच्या आत स्पेसर घालून तो उघडतानाच कमी उघडेल असं केलं, तर चाकाची वरची मर्यादा तीच राहते आणि घट खालून होते. टायर घासण्याची भीती नाही. पण ट्रॅव्हल कमी झाला, म्हणजे तेवढेच खड्डे कमी जागेत पचवायचे, त्यासाठी स्प्रिंग थोडी कडक लागते. शिवाय स्प्रिंगच्या दोन्ही बैठकांमधलं अंतर कमी झाल्यामुळे जुनी स्प्रिंग आपोआप जास्त आवळली जाते आणि गाडी परत वर उचलते. त्यामुळे कॉलर सैल करावी लागते किंवा आखूड स्प्रिंग घालावी लागते. गाडी नीट चालावी हा हेतू असेल तर हाच मार्ग सगळ्यात चांगला. मात्र शॉकअपमध्ये उच्च दाबाचा नायट्रोजन असतो. तो घरी उघडायचा नाही, सस्पेन्शनचं काम करणाऱ्याकडेच द्यायचा.

आखूड शॉकअप विकत घेताना नुसती डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची (दोन टोकांच्या बोल्टांच्या भोकांमधली) लांबी विचारू नका, स्ट्रोकही विचारा. लांबी कमी आणि स्ट्रोक तोच असेल तर लिंकसारखाच टायर वर जातो. दोन्ही सारखेच कमी असतील तर स्पेसरसारखं. लिंकेज नसलेल्या, शॉकअप थेट स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या हाताला) बसवलेल्या गाड्यांना हाच किंवा स्पेसरचा पर्याय उरतो.

चौथी पायरी: लिंकची लांबी गाडीवरूनच काढा

बहुतेक गाड्यांत लिंक लांब केली की मागची बाजू खाली येते, काहींमध्ये मांडणी उलटी असते. अंदाज करण्यापेक्षा गाडीलाच विचारा.

गाडी चेसिसवरून उचलायची आहे. स्विंगआर्मखाली लावायचा पॅडॉक स्टँड इथे चालत नाही, कारण त्याने सस्पेन्शनवरचा भार निघत नाही. फूटरेस्टच्या माउंटखाली स्टँड किंवा चेसिसच्या नळ्यांखाली जॅक, आणि वरून मागच्या चेसिसला पट्टा. ऑइल सम्पवर किंवा सायलेन्सरच्या पाईपवर वजन देऊ नका. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि पुढचा ब्रेक लिव्हर पट्टीने आवळून ठेवा.

मागच्या टायरखाली लाकडी पाचर सरकवत चाक थोडंथोडं उचला. एका ठिकाणी लिंकचा बोल्ट बोटांनी फिरायला लागतो. तिथे त्याच्यावर भार नाही, तो तिथेच काढायचा. ठोकून काढला तर बोल्टचे आटे आणि नीडल बेअरिंगची बाही (आतली नळी) दोन्ही खराब होतात. लिंक सुटली की अ‍ॅक्सल हवा तेवढा, समजा ३० मिमी, वर उचलून पाचर बसवा. शॉकअप पूर्ण उघडा असल्याने रॉकर, म्हणजे लिंक आणि शॉकअप यांच्यामधला फिरणारा तुकडा, आपल्या जागी स्थिर असतो. आता लिंकच्या दोन बोल्टांच्या भोकांमधलं अंतर व्हर्नियरने मोजा. हीच नव्या लिंकची लांबी. बहुतेक गाड्यांत ती जुन्यापेक्षा १०-१५ मिमीने वेगळी निघते, पण गाडीगाडीत फरक आहे, म्हणून हे माप चुकवू नका.

लिंक बनवून घेणार असाल तर ७०७५-टी६ किंवा ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियम, किंवा चांगल्या स्टीलची पट्टी घ्या. जाडी मूळ लिंकपेक्षा कमी नको. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत निदान भोकाच्या व्यासाच्या दीडपट जागा हवी. जोडीतल्या दोन्ही लिंक एकत्र बांधून एकाच वेळी भोकं पाडा. दोघींच्या लांबीत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर रॉकर तिरका ओढला जातो आणि बेअरिंग एकाच बाजूने झिजतं. जुनी लिंक कापून मध्ये तुकडा वेल्ड करणं किंवा तिच्यातच दुसरं भोक पाडणं, हे दोन्ही करू नका. हा भाग तुटला तर मागचं चाक थेट चेसिसवर आदळतं.

पाचवी पायरी: बसवणी, आणि पूर्ण दाबून बघणं

लिंकेज सुटलेलंच आहे तर सगळ्या बाह्या काढा, रॉकेलने धुवा, गंज किंवा खड्डे दिसले तर बेअरिंग बदला, पाण्यात टिकणारं ग्रीस भरा. मग लगेच लिंक आवळू नका. आधी टायर घासतो का ते बघायचं आहे, आणि इथे घाई महागात पडते.

शॉकअप काढा. त्याच्या जागी जाड लोखंडी पट्टीचा एक दांडा लावायचा आहे, दोन टोकांना माउंटच्या बोल्टांची भोकं. लांबी किती? उघड्या शॉकअपची डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी वजा स्ट्रोक. स्ट्रोक माहीत नसेल तर शॉकअपच्या बॉडीबाहेर दिसणारा पिस्टनचा दांडा मोजा आणि त्यातून रबरी बंप स्टॉपची पूर्ण दबल्यावर उरणारी जाडी वजा करा. त्या रबराची मूळ जाडी २० मिमी असेल तर दबून ७-८ मिमी उरते असं धरा. शंका असेल तिथे पट्टीचा दांडा आखूड ठेवा, लांब नको.

उदाहरणार्थ, शॉकअप ३२० मिमी आणि स्ट्रोक ५२ मिमी, तर दांडा २६८ मिमी. तो नव्या लिंकसह बसवला की मागचं चाक त्याच्या सगळ्यात वरच्या जागी येऊन थांबतं. मडगार्डच्या आतल्या बाजूला आणि टायरच्या समोर येईल अशा प्रत्येक वस्तूवर मऊ प्लास्टिसिनचे (मुलांच्या खेळायच्या मातीचे) गोळे चिकटवा आणि चाक हाताने फिरवा. गोळे जिथे दाबले जातील तिथली उरलेली जाडी मोजा. निदान १५ मिमी हवी, कारण वेगात टायर थोडा फुगतो आणि भारात स्विंगआर्म किंचित वाकतो. टायर स्पर्शत नसला तरी चेनगार्ड, ब्रेकची नळी, एबीएसची तार आणि नंबरप्लेटचा मागे आलेला बोल्ट वेगळे तपासा. जागा कमी पडली तर उत्तर सरळ आहे: कमी घट असलेली लिंक, किंवा स्पेसरचा मार्ग. मडगार्ड आतून कापून काम भागवायचं असेल तर त्याच्या मागे काय आहे ते बघा, बहुतेक गाड्यांत तिथे वायरिंग किंवा बॅटरीचा खण असतो.

सगळं ठीक असेल तर शॉकअप परत लावा. सेल्फ-लॉकिंग नट एकदा काढला की नवा घाला. टॉर्क गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच, टॉर्क रेंचनेच. आवळून झाल्यावर प्रत्येक नट आणि बोल्टवर एकच सलग रेघ पेंटने मारा.

यानंतर सॅग पुन्हा मोजा. लिंक बदलली की लिंकेजचं गुणोत्तरही थोडं बदलतं, म्हणून जुनाच प्रीलोड आता जास्त सॅग देऊ शकतो. प्रीलोड वाढवून सॅग ३० टक्क्यांवर आणला की गाडी थोडी वर येते. तेवढे मिलिमीटर जातात, ते जाऊ द्या.

पुढचा फोर्क

मूळ भूमिती टिकवायची तर फोर्क मागच्या घटीइतकाच वर सरकवायचा. पण पुढेही जागा मोजा. खालच्या क्लॅम्पपासून धुळीच्या सीलपर्यंत उघडी नळी फोर्क लटकलेला असताना मोजा, समजा १५५ मिमी. फोर्कचा ट्रॅव्हल १३० मिमी असेल तर शिल्लक २५. त्यातले ५-१० मिमी राखून ठेवायचे, म्हणजे १५, फार तर २० मिमी सरकवता येईल. रेडिएटर आणि मडगार्डमधली जागाही अशीच तपासा. एवढ्यात काम भागत नसेल तर मागची घट कमी करा. मागे ४० आणि पुढे ५ असली जोडी करू नका.

गाडी पुढूनही चेसिसवर उचलून, एका वेळी फोर्कचा एकच पाय सैल करून, तो फिरवत सरकवा. दोन्ही नळ्या वर सारख्या निघाल्या आहेत हे व्हर्नियरने बघा, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. खालचा क्लॅम्प जास्त आवळला तर नळी दबते आणि फोर्क अडकत चालतो. हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून टाकीला नळ्या लागत नाहीत ना, ब्रेकचा होज ओढला जात नाही ना, बघा.

चेन, स्टँड, हेडलाईट

पुढचा स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते. खाली केलेली गाडी उभी असतानाच या रेषेच्या जवळ असते, म्हणून मॅन्युअलमधला ढिलेपणाचा आकडा आता लागू नाही. लिंक सुटलेली असताना चाक उचलून तीन बिंदू एका रेषेत आणा, तिथे चेन मधोमध १० मिमीच्या आसपास वर-खाली हलेल इतकी ठेवा. मग सगळं जोडून गाडी साईड स्टँडवर ठेवा आणि किती ढिलेपणा येतो ते मोजून लिहून ठेवा. पुढे कायम हाच आकडा वापरायचा. चेन तट्ट राहिली तर गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचं बेअरिंग आणि सील आधी जातात.

साईड स्टँड आता लांब पडतो. गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याने किंवा कुणाच्या धक्क्याने दुसऱ्या बाजूला पडते. म्हणून काम सुरू करण्याआधीच, सपाट जमिनीवर, फोनच्या लेव्हलने मूळ कल मोजून ठेवा. काम झाल्यावर दोन्ही चाकांखाली सारख्या जाडीच्या फळ्या घाला, कल मूळ आकड्यावर येईपर्यंत. फळीची जाडी ही स्टँडची जास्तीची उंची झाली. स्टँड तिरका असल्याने नळीतून त्याहून थोडं जास्त कापावं लागतं, पण पहिल्यांदा फळीइतकंच कापा. सरळ भागातून तुकडा काढा, आत घट्ट बसणारा भरीव गज घालून मग वेल्ड करा, आणि खालच्या पावलाचा कोन बदलू देऊ नका. वेल्डिंगच्या आधी स्टँड गाडीवरून काढा, त्याचा स्विच जळायला नको. मेन स्टँड असेल तर गाडी त्याच्यावर चढवायला आता जास्त जोर लागतो. तोही तसाच आखूड करावा लागतो, नाहीतर दर वेळी मागच्या चाकाखाली फळी घालून चढवा.

पुढे-मागे सारखी घट केली असेल तर हेडलाईटचा झोत तिरपा होत नाही. फक्त मागे केली असेल तर तो वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यात शिरतो, त्याच दिवशी खाली करा.

दोन शॉकअपची गाडी

इथे गुणोत्तर एकाच्या थोडं वर असतं. ३४० मिमीचे शॉकअप काढून ३२० मिमीचे लावले तर अ‍ॅक्सल २० मिमीपेक्षा थोडा जास्त चेसिसकडे सरकतो, म्हणजे मागची बाजू तेवढी खाली येते. स्ट्रोकचा प्रश्न तोच. दोन्ही शॉकअप काढून, चाक हाताने उचलून पूर्ण दबलेल्या लांबीवर टायर-मडगार्ड जागा बघणं सोपं आहे. माउंटला ब्रॅकेट जोडून जुनाच शॉकअप तिरका किंवा वर बसवायचा प्रकार टाळा. त्यात माउंटच्या बोल्टवर वाकवणारा भार येतो आणि तो चेसिसपाशी तुटतो. रबरी बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. लटकलेल्या अवस्थेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

उंची वाढवायची असेल तर

सगळं उलटं. आखूड लिंक, किंवा शॉकअपच्या वरच्या माउंटखाली शिम, म्हणजे पातळ चकती. गुणोत्तर २.५ असेल तर ३ मिमीच्या शिमने अ‍ॅक्सलपाशी साडेसात मिमी मिळतात. रेक कमी होतो, हँडल चपळ होतं आणि वेगात अस्वस्थही, म्हणून १५ मिमीच्या पुढे जाऊ नका. स्विंगआर्मचा उतार वाढल्याने चेन त्याच्यावरच्या रबरी पट्टीवर घासते. चाक लटकलेलं असताना ते बघा. साईड स्टँड आखूड पडतो, गाडी जास्त कलते, आणि मेन स्टँडवर मागचं चाक जमिनीला टेकू शकतं.

रस्त्यावर

पहिली फेरी एकट्याने, कमी वेगात, ओळखीच्या रस्त्यावर. गतिरोधकावर खाली काही लागतं का, कललेल्या गाडीत फूटरेस्ट किंवा सायलेन्सर आधीपेक्षा लवकर घासतो का, ब्रेक मारल्यावर गाडी सरळ राहते का, एवढं बघा. खाली केलेली गाडी वळणात कमी कलता येते, हे हाताला सवय होईपर्यंत लक्षात ठेवा. नंतर मागे माणूस बसवून एकदा जा आणि परत आल्यावर मडगार्डच्या आत टॉर्च मारा. काळा चकचकीत पट्टा दिसला तर टायर घासला आहे, आणि लिंक त्याच दिवशी बदलायची. दोनशे-तीनशे किलोमीटर झाले की पेंटच्या रेघा तपासा. रेघ तुटलेली दिसली तर तो नट नुसता पुन्हा आवळून पुढे जाऊ नका, बोल्ट काढून बाही आणि आटे बघा, मग नवा नट घाला.